अमळनेरचे एक जुने विद्यार्थी वसतिगृह : पालकांसाठी अभिप्राय

अमळनेर शहरात एका समाजाच्या विश्वस्त संस्थेने चालवलेल्या मुलांच्या जुन्या वसतिगृहात माझा पुतण्या पदवीच्या पहिल्या वर्षापासून राहत आहे. बारावीनंतर मुलाला कुठे ठेवावे या विवंचनेत असलेल्या चोपडा, पारोळा, शिरपूर, शिंदखेडा या भागांतील पालकांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. केवळ खोली आणि सोयी पाहायच्या असतील, तर गावात याहून बऱ्या जागा मिळतील. पण मुलगा चार माणसांत राहून घडावा असे वाटत असेल, तर याच्या तोडीची जागा मला तरी आढळली नाही.

याचे कारण या वसतिगृहाच्या घडणीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी अशी वसतिगृहे निघत गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहायला आणि एका पंक्तीत जेवायला लावले, तर १९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. अमळनेरला तर याच काळात साने गुरुजी होते. १९२४ मध्ये ते खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडणे, विस्कटलेले कपडे घडी करून ठेवणे ही कामे ते कोणाला न सांगता करत, आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ हे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. १९३० साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. मुलांच्या राहण्याची देखरेख हेही शिक्षणाचेच काम आहे, ही समज अमळनेरला अशी फार लवकर मिळाली, आणि माझ्या मते या गावातील प्रत्येक वसतिगृहाने स्वतःला याच मापाने मोजायला हवे.

१९४५ साली प्रताप महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या गावांतील मुलांना पदवीसाठी अमळनेर जवळचे ठरले आणि राहण्याच्या सोयीची गरज एकदम वाढली. हे वसतिगृहही त्याच गरजेतून वाढले. हंगामात शेतकऱ्यांनी बैलगाडीने आणून टाकलेल्या दादर ज्वारीवर आणि तुरीवर आरंभीची मेस चालत असे, असे जुने विश्वस्त सांगतात. पुढे येथून शिकून गेलेले विद्यार्थी नोकरीला लागले आणि त्यांनी एकेक खोली बांधून दिली. १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला स्थापन झाले, तालुक्यातालुक्यांत महाविद्यालये निघाली, तेव्हा नुसत्या पदवीसाठी गाव सोडणारी मुले कमी झाली. त्यांच्या जागी आता एमपीएससी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले मोठ्या संख्येने दिसतात. माजी विद्यार्थ्यांचे मंडळ मात्र तितकेच जागे आहे. दिवाळीनंतरच्या मेळाव्याला निवृत्त तहसीलदारापासून अडतीच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळे येतात, नव्या मुलांना नाव-गाव विचारतात, आणि एखाद्याची फी अडली असेल तर ती त्याच दिवशी, कुठलाही गाजावाजा न होता, भरली जाते.

मेसविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण मुलांची खरी एकी तिथेच बांधली जाते. मेस डिव्हायडिंग पद्धतीने चालते, म्हणजे महिन्याचा सगळा खर्च मुलांच्या हजेरीवर वाटला जातो. मेस सेक्रेटरी मुलांतूनच निवडतात. गावी जाणाऱ्याने आदल्या संध्याकाळपर्यंत वहीत खाडा मांडायचा असतो. महिनाअखेरीस ज्वारी, डाळ, तेल, भाजी, गॅस आणि आचाऱ्याचा पगार असा हिशेब जेवणघराच्या दाराशी चिकटवलेला असतो, आणि तेलाचा आकडा वाढलेला दिसला तर सेक्रेटरीला सर्वांसमोर उत्तर द्यावे लागते. पैशाचा व्यवहार उघड्यावर करण्याची ही सवय कुठल्याही वर्गात शिकवली जात नाही. रोजचे जेवण साधे, पण पोटभर असते: भाकरी, पातळ डाळ, एक भाजी आणि ठेचा. रविवारी वरण-बट्टी होते. थंडीत भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून मुले स्वतः लाकडी बडगीत ठेचतात, आणि त्या दिवशी सहसा कोणी खाडा मांडत नाही.

उणिवा आहेत, आणि त्या दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत. स्वच्छतागृहे मुलांच्या संख्येच्या मानाने अपुरी आहेत. थंडीत गरम पाण्यासाठी पहाटे चारपासून रांग लागते. अभ्यासिका रात्रभर उघडी असली तरी पंखे आणि दिवे जुने झाले आहेत. वरच्या वर्गातील मुलांना ‘दादा’ म्हणण्याची रीत चांगली आहे, कारण नवा मुलगा आजारी पडला तर त्याला दवाखान्यात नेणारा हाच दादा असतो. पण त्याच रीतीच्या आडून नव्या मुलांकडून कपडे धुऊन घेण्याचे प्रकार पूर्वी होत असत. रेक्टरांनी ते बंद केले आहेत, तरीही पालकांनी पहिले दोन महिने मुलाशी मोकळेपणाने बोलत राहावे.

माझी मोठी तक्रार प्रवेशाबद्दल आहे. संस्थेच्या घटनेत सर्वांना प्रवेश असला तरी प्रत्यक्षात अर्ध्याहून अधिक जागा समाजातील ओळखीने भरतात. ज्या काळी दुसरा कोणी जागा देत नव्हता, त्या काळी समाजाने आपल्या मुलांसाठी दार उघडले, हे योग्यच होते. आज मात्र साताऱ्याच्या त्या पंक्तीची आठवण विश्वस्तांनी ठेवावी आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलांसाठी काही जागा लेखी राखून ठेवाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मंडळाच्या बैठकीतही मी ती मांडणार आहे.

प्रवेश घ्यायचा असल्यास बारावीचा निकाल लागताच अर्ज करावा, अनामत रकमेची पावती जपून ठेवावी, आणि मुलाला सोबत नेऊन एक वेळचे जेवण तिथेच, मुलांच्या पंक्तीत बसून घ्यावे.