वॉरफरिन की अपिक्साबॅन?

हृदयाचे ठोके अनियमित पडून पक्षाघात झालेल्याला रक्त पातळ ठेवणारी गोळी बहुधा कायमचीच. वॉरफरिन स्वस्त, पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) २ ते ३ मध्ये राहायला हवा, आणि जत-आटपाडीहून तपासणीला मिरज गाठायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. मेथी-चाकवत सोडायची गरज नाही, फक्त प्रमाण सारखं ठेवा. श्रावणात एकदम पालेभाज्या वाढल्या की आयएनआर घसरतो.

अपिक्साबॅनला ही तपासणी नाही. ५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) १.५ किंवा जास्त, यांतलं काही दोन असेल तर २.५. पण एक-दोन डोस चुकले की संरक्षण गेलंच. वॉरफरिनचा असर काही दिवस रेंगाळतो.

खरी गोची फिट्सच्या गोळ्यांची. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर अपिक्साबॅन रक्तात कमी पडतं, आणि नेहमीच्या तपासणीत ते कळतही नाही. वॉरफरिनमध्येही गडबड होते, पण आयएनआर ती दाखवतो. फिट्सचीच गोळी बदलता येईल का, हे न्यूरॉलॉजिस्टना आधी विचारा.

हृदयात धातूची झडप बसवलेली, किंवा संधिज्वराने बरीच अरुंद झालेली मायट्रल झडप असेल तर तुलनाच नको: वॉरफरिन. आणि गुडघेदुखीला परस्पर डायक्लोफिनॅक दोन्हींसोबत नको.