नव्या स्टिकरखालची जुनी बॅटरी

1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात कोकणातील यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की बॅटऱ्यांसाठी एकच धावपळ उडते. याच घाईचा फायदा घेऊन एका विक्रेत्याने मालवणच्या आमच्या होडीसाठी 12 व्होल्टची जुनी बॅटरी नवी म्हणून गळ्यात मारली. इतर होडीमालकांवर ही वेळ येऊ नये, म्हणून त्याची पद्धत सविस्तर लिहीत आहे.

त्याने बॅटरी चार्जरवरून काढली आणि लगेच मल्टिमीटर लावला. आकडा 13 व्होल्टच्या आसपास आला. मग बुचे उघडून हायड्रोमीटर घातला, तर त्याचा काटा हिरव्या, म्हणजे पूर्ण चार्जच्या पट्ट्यात. दोन्ही आकडे खरे होते आणि फसवणूक त्यांच्याच आधाराने झाली. चार्जिंग नुकतेच थांबलेल्या बॅटरीचा व्होल्टेज काही तास चढलेला राहतो. रात्रभर ठेवल्यावर पूर्ण भरलेली चांगली बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवते. हायड्रोमीटर तर केवळ द्रवाची घनता सांगतो. जुने अ‍ॅसिड ओतून देऊन ताजे, दाट अ‍ॅसिड भरले, की प्लेटांवर बॅटरीची ताकद खाणारा सल्फेटचा कितीही कठीण थर साचलेला असला तरी घनतेचे वाचन 1.265 च्या, म्हणजे पूर्ण चार्जच्या आकड्याच्या, वर सहज जाते.

भर समुद्रात स्टार्टर एकदा घरघरला, दिवे मंदावले आणि जीपीएस बंद पडला. शेजारच्या होडीने दोर टाकून आम्हाला बंदरात ओढून आणले. मेकॅनिकने स्टिकर सोलला तेव्हा खाली कारखान्याचा कोड कानशीने घासून काढल्याचे दिसले. टर्मिनलही घासून चकचकीत केलेले होते, पण त्यांच्या बुडाशी जुन्या क्लॅम्पचे वळ तसेच राहिले होते.

मला सर्वाधिक संताप मात्र त्याने दिलेल्या सल्ल्याचा येतो. ‘पातळी उतरली तर थोडे अ‍ॅसिड घाला आणि बुचे घट्ट लावून जोरात चार्ज करा,’ असे त्याने आमच्या खलाशांना बजावले होते. चार्जिंगमध्ये कमी होते ते पाणी, अ‍ॅसिड नव्हे. म्हणून पूर्ण चार्जिंगनंतर केवळ डिस्टिल्ड वॉटर घालायचे असते. शिवाय चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, खराब सेल असलेल्या बॅटरीला जास्त करंट दिल्यास तो अधिकच सुटतो, आणि हवेत 4 टक्के साठला तरी एका ठिणगीने पेटतो. इंजिनाच्या बंद खणात, वारा खेळत नसताना, या सल्ल्याने कोणाचे डोळेही गेले असते.

पक्के बिल मागितले तेव्हा त्याने कच्ची चिठ्ठी हातावर टेकवली आणि आमची जुनी बॅटरी शिशाच्या भावापेक्षाही कमी पैशांत उचलून नेली. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर आम्ही तक्रार केली आहे, परंतु चिठ्ठीवर बॅटरीचा अनुक्रमांकच नसल्यामुळे ती पुढे रेटणे कठीण जात आहे. आता बॅटरी घ्यायची, तर अनुक्रमांक लिहिलेले बिल आणि वॉरंटी कार्ड हातात पडल्यावाचून पैसे देऊ नयेत. बॅटरी रात्रभर दुकानातच ठेवायला सांगून सकाळी आपल्या डोळ्यांदेखत लोड टेस्टर, म्हणजे बॅटरीवर भार टाकून तिची खरी ताकद दाखवणारे यंत्र, लावून घ्यावा. त्याला जो विक्रेता नकार देईल, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नये.