बर्डीवरून आणलेला प्लास्टिकचा सापळा: शाळेसाठी घ्यावा का?

आमच्या प्रयोगशाळेसाठी नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून ८५ सेंटिमीटरचा मानवी सापळा घेतला. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते, त्याच हिशोबाने लिहिते.

स्टँड पक्कं आहे. जबड्याला स्प्रिंग आहे, त्यावर पोट्टे जाम खूश. बरगड्यांच्या १२ जोड्या नीट मोजता येतात, खालच्या दोन जोड्या पुढून मोकळ्या आहेत हेही दिसतं.

खोक्यावर '२०६ हाडे' छापलंय, ते मात्र काही खरं नाही. दोन्ही कानांतली मिळून ६ इवलीशी हाडं यात नाहीत. मनगटाची ८ हाडं एकाच तुकड्यात ओतली आहेत. डाव्या पायाच्या करंगळीचं टोक तर आलं तेव्हाच गायब होतं. दुकानदार म्हणतो, "मॅडम, तेवढं कोण पाहते?" पाहतात बाप्पा, नववीतली पोरं पहिलं तेच पाहतात!

खरी अडचण वेगळीच. हा सापळा पूर्ण वाढलेल्या माणसाचा. बाळाच्या अंगात हाडांचे २७० हून जास्त तुकडे असतात, ते जुळत जुळत २०६ होतात, हे याच्यावर कुठे दाखवणार? शेवटी मटणाच्या दुकानातून कोवळ्या बोकडाची नळी आणली आणि कुकरमध्ये भरपूर शिजवली. टोकाचा गोळा हाताने जरा पिळला तर सुटूनच आला. आतला पृष्ठभाग खडबडीत, उंचसखल. हाड लांबतं ते इथूनच: इथे कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग) वाढत राहते आणि तिच्या जागी मागून हाड तयार होत जातं. माणसात ही जागा मुलींची साधारण १४ ते १६ व्या वर्षी, मुलांची १६ ते १८ च्या सुमारास बंद होते आणि उंची थांबते. कॉलर बोनचं छातीकडचं टोक मात्र पंचविशीच्या आसपास जुळतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मसाला तर टाकाचा होता!" सावजीच्या गावात दुसरं काय होणार.

वर्गातल्या एकाचा हात प्लास्टरमध्ये होता. त्याच्या दोन एक्स-रे फिल्म खिडकीच्या काचेला लावल्या. पहिलीत काळी फट, दुसरीत तिच्याभोवती कापसासारखा धूसर पांढरा फुगवटा. मधल्या काळात तिथे रक्त गोठलं, मग कूर्चेचा मऊ जोड धरला. त्यात कॅल्शियम नसतं, म्हणून सुरुवातीच्या एक्स-रेत काहीच जुळल्यासारखं दिसत नाही आणि आया उगाच घाबरतात. त्याच जोडाचं पुढे हाड होतं. वर आलेली गाठ काही पेशी महिनोन्‌महिने कुरतडत राहतात, दुसऱ्या पेशी नवं हाड भरत राहतात. लहान वयात तर थोडं वाकडं जुळलेलं हाडही पुष्कळदा आपोआप सरळ होतं.

यातलं काहीच या सापळ्यात नाही, म्हणून माझ्याकडून पाचापैकी तीन तारे. नावं पाठ करून घ्यायला आणि तोंडी परीक्षेला चांगला आहे. घेणार असाल तर कवटीचं झाकण निघणारा मागा, आणि खोका दुकानातच उघडून बोटं मोजा. एकदा घरी नेल्यावर बदलून देत नाहीत.