आठ महिने चेलो: सुटलेला सांधा आणि गुरगुरणारा 'नी'

जुलैत एका रात्री अकराच्या सुमारास हॉलमधून 'टक्' असा आवाज आला. सकाळी पाहिलं तर चेलोची, म्हणजे व्हायोलिनच्या या मोठ्या, मंद्र सुरांच्या भावंडाची, पुढची फळी आणि बाजूची पट्टी यांच्यात बोटभर लांब फट, पोस्टकार्ड आत सरकेल एवढी. घेऊन जेमतेम पाच महिने झाले होते आणि हमी वर्षाची. दुकानाला फोटो पाठवले. उत्तर आलं, "मॅडम, हवेमुळे झालंय, हमीत बसत नाही." चार फोन केले, दर वेळी तेच वाक्य. संतापून इथल्या अभिप्रायात चेलोला एकच तारा (स्टार) दिला होता. तो आज बदलते आहे.

मोजमापं जाहिरातीत आहेतच: पूर्ण आकार, स्प्रूसची फळी, मेपलची पाठ, प्लायवूड नाही. ६२,००० रुपये मोजले. माझ्या हिशेबात ही रक्कम लहान नाही, म्हणून एकेक सूर तपासून घेतला.

आम्ही चौघं दर शनिवारी कर्वेनगरात बसतो. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं) आणि मी. सुरुवात पाखेलबेल या संगीतकाराच्या 'कॅनन'ने केली. ते मुळात तीन व्हायोलिन आणि खालच्या बेससाठी लिहिलेलं. चौकडीत तिसरं व्हायोलिन व्हायोलाकडे जातं आणि चेलोच्या वाट्याला आठ सुरांची एकच ओळ येते, २८ वेळा. चेलोवाले याला वैतागतात. मला ती ओळ फार आवडली. बाकीचे तिघे त्या आठ सुरांवर उभे असतात, माझी लय जरा सैल झाली की सगळंच डगमगतं. मंद्रात हा चेलो भरदार बोलतो. मोत्सार्टचं १७८७ चं 'आयने क्लायने नाख्टमुझिक'ही बिनतक्रार पार पडलं.

मे महिन्यात संगीतकार हायडन काढला, ऑपस (रचना-क्रमांक) ७६ मधलं तिसरं क्वार्टेट, म्हणजे चौकडीसाठीची रचना. त्याच्या दुसऱ्या भागातली धून हायडनने १७९७ मध्ये सम्राट फ्रान्झसाठी केली, आज ती जर्मनीचं राष्ट्रगीत आहे. तिच्यावर चार आवर्तनं आहेत. धून जशीच्या तशी राहते, फक्त हातोहात फिरते: आधी दुसरं व्हायोलिन, मग चेलो, मग व्हायोला, शेवटी पहिलं व्हायोलिन. पाश्चात्त्य 'जी' हा सूर सा धरला तर पहिली ओळ 'सा रे ग रे, म ग रे नी सा'. आणि त्या नी वर, म्हणजे एफ शार्पवर, माझा चेलो गुरगुरायचा. गज सरळ ओढत असतानाही सूर थरथरून तुटायचा, घशात कफ अडकल्यासारखा. इतकी सुंदर ओळ आणि सा वर पोचायच्या आधीची नेमकी तीच पायरी मोडलेली. गज बदलून पाहिला, गजाला लावायची राळ बदलली, दोन्ही गुडघ्यांनी चेलो आवळून धरला. आवळला की थोडा गप्प बसायचा, पण सगळाच आवाज दबायचा. दुकानाचा सल्ला: तारांचा भारी संच घ्या. त्याची किंमत ऐकून फोन ठेवला.

चवथीला मडगावला माहेरी गेले, तेव्हा चेलोला रात्रीच्या बसमध्ये शेजारची सीट काढली. तिथे एक वयस्क कारागीर आहेत. त्यांनी फट पाहून मला उलट विचारलं, "फळी फुटली असती तर बरं झालं असतं?" मग समजावलं. सांधे सरसाने जोडतात ते मुद्दाम. लाकूड फुगतं, आक्रसतं. ताण आला की सांधा सुटावा, फळी चिरू नये. सरस परत लावता येतो, चिरलेली फळी पहिल्यासारखी होत नाही. ६०० रुपयांत काम झालं. तेव्हा चेलोवरचा माझा राग गेला. दुकानावरचा नाही, कारण हे त्यांना दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

गुरगुर ऐकून ते लगेच म्हणाले, "हा लांडगा." इंग्रजीतही त्याला वुल्फ टोनच म्हणतात. चेलोच्या पोटाचा स्वतःचा एक सूर असतो. तारेचा सूर त्याच्या अगदी जवळ आला की दोघांची ओढाताण होते आणि आवाज थरथरतो. लाखोंच्या चेलोतही हे सापडतं. त्यांनी घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीच्या) खाली, 'जी'च्या तारेवर, रबर लावलेली पितळेची छोटी नळी स्क्रूने आवळली. नळी ४५० रुपयांची. ती केसभर वर, केसभर खाली सरकवत ते मला पुन्हा पुन्हा नी वाजवायला लावत होते. तासाभराने नी स्वच्छ आला. घरी अंगणात सगळ्यांसमोर ती ओळ सलग तीनदा वाजवली, आईने चौथ्यांदा मागितली.

लांडगा गेलेला नाही. थोडा खाली, एफ आणि एफ शार्पच्या मधे सरकलाय, जिथे बोट सहसा पडत नाही. स्क्रू महिन्याभरात सैल होतो आणि नळी किणकिणते. छोटा स्क्रूड्रायव्हर पिशवीतच ठेवा.

म्हणून चेलोला आता चार तारे, दुकानाच्या सेवेला एकच. पुढच्या शनिवारी बेथोव्हेनचं ऑपस ५९ क्रमांक १ काढतो आहोत. एफ मेजर, आणि पहिली धून चेलोचीच. नळी अजून दोन मिलिमीटर सरकवावी लागेल असं वाटतंय.