बर्फातला एक हिवाळा : ट्रॅक्शन कंट्रोलचा पाच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या आधीच्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे गाडी उठवताना चाकांचे घसरणे आपोआप आवरणारी यंत्रणा, नव्हते. बर्फ पडला की क्लच अर्धवट सोडत, इंजिनाच्या आवाजाकडे कान ठेवून, दुसऱ्या गिअरमध्येच गाडी हळूच उठवायची, हे तंत्र त्यामुळे अंगवळणी पडले होते. नवी गाडीही पुढच्या चाकांवर चालणारी आणि हाताने गिअर बदलण्याचीच आहे. फरक आहे तो या यंत्रणेचा. संपूर्ण हिवाळा ती रोज वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, गाडी जागेवरून उठवण्यासाठी तिच्याइतकी उपयोगी सोय दुसरी नाही, मात्र ती नेमके कोणते काम करत नाही हे ठाऊक नसेल तर तीच चालकाला गोत्यात आणू शकते.

यंत्रणेचे काम समजायला अवघड नाही. एबीएससाठी, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर बसवलेलाच असतो. पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त वेगाने फिरू लागली, म्हणजेच जागच्या जागी घसरू लागली, की संगणक दोन उपाय करतो. तो इंजिनाची ताकद कमी करतो आणि घसरणाऱ्या चाकाला स्वतःहून ब्रेक लावतो. यातला दुसरा उपाय मला अधिक महत्त्वाचा वाटतो. साधे डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचे बळ डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरची जोडणी, दोन्ही चाकांना सारखेच बळ देते, त्यामुळे एक चाक बर्फावर हलकेच गरगरत असेल, तर कोरड्या डांबरावर असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढेच तुटपुंजे बळ मिळते. गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावला की त्याला फिरवायला जास्त जोर लागतो आणि तेवढाच जोर पकड असलेल्या चाकाकडेही पोहोचतो. ही कल्पना नवी नाही. बॉश कंपनीने एबीएस १९७८ मध्ये आणि ट्रॅक्शन कंट्रोल १९८६ मध्ये बाजारात आणले. एका अर्थाने दुसरे हे पहिल्याचेच उलटे रूप आहे.

याचा खरा प्रत्यय मला एका चढावर आला. रस्त्याची उजवी बाजू झाडून मोकळी केलेली होती, डाव्या बाजूला मात्र वितळून पुन्हा गोठलेल्या पाण्याचा काचेसारखा थर होता. सिग्नल सुटल्यावर मी क्लच सोडला, तेव्हा डावे चाक क्षणभर फिरले, पुढच्या बाजूने गर्र असा दबका आवाज आला, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा चार-पाच वेळा लुकलुकला आणि गाडी किंचित थरथरत सरळ वर चढली. जुन्या गाडीत त्याच ठिकाणी मला मागे घरंगळत जाऊन पुन्हा प्रयत्न करावा लागला असता. (तो आवाज ब्रेकच्या पंपाचा आणि झडपांचा असतो. पहिल्या वेळी मात्र मला खाली काहीतरी तुटले असेच वाटले होते.)

तक्रारीची पहिली वेळ आली ती भुसभुशीत बर्फात. रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या गाडीची पुढची चाके घोट्याएवढ्या हिमात रुतली होती. मी अॅक्सिलरेटर दाबला, पण इंजिन जोर धरायच्या आतच मरगळत होते. पाय पूर्ण खाली असूनही गाडी तसूभर हलेना. चाक घसरले की यंत्रणा ताकद काढून घेते, आणि अशा बर्फातून निघायचे तर चाक थोडे घसरावेच लागते, कारण तेव्हाच ते वरचा मऊ थर उकरून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचते. शेवटी घसरत्या गाडीचे चित्र असलेले बटण दाबून यंत्रणा बंद केली, पहिला गिअर आणि रिव्हर्स यांच्यात गाडी तीन-चार वेळा हलकेच झुलवली आणि ती बाहेर निघाली. मोकळा रस्ता लागताच बटण पुन्हा चालू केले. बर्फासाठी चाकांना साखळ्या बांधल्यावरही यंत्रणा बंद ठेवावी, असे माझ्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिले आहे. साखळ्यांची गरज मला अद्याप पडलेली नाही.

सगळ्यात मोठा धडा मात्र टायरने दिला. पहिले तीन आठवडे मी उन्हाळी टायरवरच काढले, कारण यंत्रणा आहे तर निभावून जाईल, असा माझा समज होता. त्या काळात घराजवळच्या उतारावर गाडी उठवताना दिवा जवळजवळ अखंड लुकलुकत असे आणि गाडी रखडत, कशीबशी वर येई. हिवाळी टायर बसवल्यावर त्याच उतारावर तो एखाद-दुसऱ्या वेळी चमके. तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होत जाते, हिवाळी टायरचे मऊ राहते, आणि त्याच्या बारीक खाचा बर्फाला धरतात. ट्रॅक्शन कंट्रोल पकड निर्माण करत नाही. टायरपाशी आहे तेवढीच पकड ते वाया न घालवता वापरते, आणि मुळात पकडच नसेल तर वाया न घालवण्यासारखेही काही उरत नाही. टायर विकत घेताना तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेले चिन्ह पाहावे. नुसत्या एम आणि एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) या अक्षरांवर भिस्त ठेवू नये.

थांबण्याच्या बाबतीत तर ही यंत्रणा काहीच मदत करत नाही, आणि नेमके इथेच माझे चुकले. सहज उठणारी गाडी सहज थांबेलही, असे मन नकळत धरून चालते. जानेवारीतल्या एका सकाळी घट्ट दाबल्या गेलेल्या बर्फावर चौकाआधी ब्रेक दाबला, तेव्हा पायाखाली एबीएसची धडधड जाणवत राहिली आणि गाडी थांबण्याच्या रेषेच्या पुढे दीडएक गाडीएवढी सरकली. समोर कोणी नव्हते, हे नशीब. घरी येऊन हिशेब मांडला: ताशी ५० किलोमीटर वेग असताना घर्षणाचा गुणांक (टायरला रस्त्यावर मिळणाऱ्या पकडीचे माप) कोरड्या रस्त्यासाठी ०.७ धरला तर थांबायला सुमारे १४ मीटर लागतात, दाबलेल्या बर्फासाठी ०.२ धरला तर सुमारे ४९ मीटर, आणि यात पाय ब्रेकवर जाईपर्यंत कापलेले अंतर धरलेलेच नाही. मी तेव्हा ५० च्या बऱ्याच खाली होतो, तरी हे घडले. त्यानंतर पुढच्या गाडीपासूनचे अंतर मी इतके वाढवले की मागचे लोक अधूनमधून हॉर्न वाजवतात.

दिव्याकडे पाहण्याची माझी पद्धतही आता बदलली आहे. तो लुकलुकतो तेव्हा यंत्रणा काम करत असते, त्यामुळे पूर्वी मला हायसे वाटे. आता तो दिसला की मी पाय सैल करतो, कारण या क्षणी रस्त्यावर पकड संपत आली आहे, एवढेच तो सांगत असतो. सरळ रस्त्यावर, एका वेगाने जातानाही तो चमकला, तर पुढचे वळण आहे त्याहून निम्म्या वेगात घ्यायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. लुकलुकणे थांबून दिवा स्थिर पेटून राहिला तर मात्र प्रकरण वेगळे असते: एक तर बटण दाबले गेलेले असते, नाहीतर यंत्रणेत बिघाड असतो.

उरलेली तक्रार किरकोळ असली तरी रोजची आहे. ते बटण स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, आणखी तीन सारख्याच आकाराच्या बटणांच्या रांगेत आहे. जाड हातमोजे घातलेले असताना अंधारात ते चाचपडून सापडत नाही. मी त्यावर खरखरीत चिकटपट्टीचा तुकडा लावला आहे.