हॉलला पांढरी ट्यूब की पिवळा दिवा?

ठाण्यातल्या वन बीएचकेत हॉल म्हणजेच बैठक, अभ्यासाची खोली आणि पाहुण्यांची झोपायची जागा. त्यामुळे ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तसा उजेड पिवळा) पांढरी एलईडी ट्यूब लागतेच. तांदूळ निवडायला, गृहपाठाला तीच बरी. पण तिच्या उजेडात सागवानी कपाट फिकट दिसतं आणि भिंतीवरचा पावसाळी ओलीचा डाग मात्र ठसठशीत! २७०० केल्विनचा पिवळा दिवा कोपऱ्यात, शेडखाली, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला येईल असा ठेवला, की आजीची गोधडी आणि पितळी समई लगेच खुलतात. वॅट सारखे असतील तर बिलात फरक नाही. माझं मत पिवळ्याला; ट्यूब राहू दे, बटण वेगळं हवं. भाड्याच्या घरात प्लगवरचा टेबल लॅम्प घ्या, म्हणजे भिंत फोडायला मालकाची परवानगी नको.