गिटार परत आली, पण पुरती नाही

जुनी इलेक्ट्रिक गिटार विकायला काढली की जो तो पैशांबद्दल बजावतो. क्यूआर स्कॅन करू नका, पैसे घेताना पिन टाकायचा नसतो, फसलात तर लगेच १९३० ला फोन करा. बरोबरच आहे ते. माझ्या व्यवहारात मात्र पैसा न् पैसा चोख होता. गेला तो गिटारच्या पोटातला माल.

गिटार आयबानेझची, आरजी ५५०. हे मॉडेल १९८७ साली निघालं, माझी १९९१ ची. सिरीयल नंबर ‘एफ१’ने सुरू होतो. एफ म्हणजे जपानातल्या मात्सुमोतोचा फुजीजेन कारखाना आणि पुढचा आकडा सालाचा. बोटीवर असलेल्या माझ्या मामेभावाने ती टोकियोत, ओचानोमिझूच्या वाद्यबाजारातून जुनीच घेतली होती. आमच्या ऑर्केस्ट्राचे कितीतरी गणपती आणि शिमगे तिने काढले. पुढे कीबोर्डवाले पेनड्राइव्हवर अख्खा कार्यक्रम वाजवायला लागले आणि गिटार कपाटात गेली. रत्नागिरीची हवा खारी. कपाटात बल्ब पेटता ठेवला तरी स्क्रूंची डोकी तपकिरी झाली आणि ब्रिजच्या, म्हणजे तारांची खालची टोकं अडकतात त्या धातूच्या भागाच्या, सूर जुळवायच्या बारीक फिरक्यांवर गंजाचे ठिपके धरले. हे ठिपके लक्षात ठेवा.

जाहिरात पाहून घाटावरचा एक जण गाडी घेऊन आला. वाजवला फक्कड. वाजवणारा माणूस लबाड नसणार, असं का कोण जाणे, आपल्याला वाटतंच. भाव साठ हजारांवर ठरला. मग म्हणाला, ‘‘दादा, तारा पार गेल्यात. आज लॉजवर नेतो, नव्या चढवतो, नीट ऐकतो, उद्या बाकीचे पैसे. हा घ्या पाच हजार विसार.’’

मागणी रास्त होती. या गिटारचा ब्रिज तरंगता असतो. एका बाजूला तारांची ओढ, दुसऱ्या बाजूला मागच्या खाचेतल्या स्प्रिंगांची, आणि या तोलावर तो दोन खुंट्यांना टेकून उभा. एक तार सैल केली की बाकीच्या पाचही बेसूर होतात. नव्या तारा चढवून सूर बसवायचा तर तास-दोन तास सहज मोडतात. लॉजवर एवढा वेळ तिचं काय चाललंय, असा प्रश्नही कुणाला पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी स्वारी तोंड पाडून हजर. ‘‘राग नका मानू दादा, पण ही जपानी नाही. नंबरचा पत्रा खरा, बाकी सगळं जोडकाम. पंधराला देत असाल तर नेतो.’’ यातली मेख अशी की नंबरचा पत्रा मानेच्या सांध्यावर चार स्क्रूंनी बसवलेला असतो आणि तो कुठल्याही गिटारला लावता येतो. त्यामुळे बोलणं ऐकून क्षणभर माझाच मामेभावावरचा विश्वास डळमळला. तरी पंधराला नाही म्हटलं आणि विसार परत दिला. त्याने कोकम सरबत घेतलं, आईच्या पाया पडला आणि गेला.

संध्याकाळी ब्रिजची, सूर हलवायची दांडी दाबून सोडली, तर सूर जागेवर येईना. या ब्रिजचं नाव ज्यासाठी घेतात नेमकं तेच बिघडलेलं. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मित्राकडे नेली. त्याने ब्रिज काढून भिंगाखाली धरला. खुंटीवर टेकते ती कड सुरीसारखी हवी, ती झिजून गोल झालेली. ब्रिज त्याच जातीचा, पण माझा नव्हे, कारण फिरक्या लख्ख. पुढची काळी प्लेट उघडली तर पिकअपच्या, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाच्या, वायरींना सोल्डरचे ताजे, चकचकीत डाग दिलेले. बाकीचे जुने डाग मळकट राखाडी. प्लेटच्या स्क्रूंचा गंज खाचेपाशी खरवडून निघालेला. म्हणजे चांगला ब्रिज आणि पिकअप त्याने काढून घेतले, स्वतःकडचा भंगार माल बसवला आणि वर गिटारच खोटी ठरवली.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘‘वस्तू परत मिळाली ना? मग चोरी कसली?’’ ओळखीच्या वकिलाने अर्ज नव्याने लिहून दिला. चोरी हा शब्दच काढला आणि विश्वासाने ताब्यात दिलेल्या मालाचा अपहार, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, असं घातलं. मग अर्ज घेतला. अशी वेळ आली तर हाच मार्ग धरा.

त्याआधीचं काम घरी करायचं. गिऱ्हाईक येण्यापूर्वी दोन्ही झाकणं उघडून आतले फोटो घ्या, सोल्डरचे डाग स्पष्ट दिसतील असे. स्क्रूच्या डोक्यावरून प्लेटपर्यंत नेलपॉलिशचा एक थेंब ओढून ठेवा. स्क्रू फिरला की तो तडकतो. आणि तारा बदलायच्या असतील तर तुमच्या ओटीवर बसून बदलू द्या, खुशाल दुपारचं जेवणही घाला.

शेवटी गिटार चिपळूणच्या एका कॉलेजातल्या मुलाला विकली. झाकणं उघडी ठेवून काय खरं, काय बदललेलं ते सगळं दाखवलं. मान आणि बॉडी अस्सल, म्हणून तीस आले. पुढे दोनेक महिन्यांनी एका जाहिरातीत ‘अस्सल जपानी ब्रिज आणि पिकअप, १९९१’ असा फोटो दिसला. तिसऱ्या फिरकीवरचा मोठा ठिपका मी लगेच ओळखला. दिलेला नंबर बंद होता. फोटोची प्रिंट अर्जाला जोडून आलो आहे. त्याचा बोलण्याचा नमुना वर दिलाच आहे, सिंधुदुर्गात किंवा गोव्यात कुणाला असा फोन आला तर त्या अर्जाचा हवाला द्यायला मी तयार आहे.